लिनक्स टाकायला जागा किती लागते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. तेव्हापासून "जुना लॅपटॉप आहे, लिनक्स टाकतोय, जागा किती ठेवू?" हा मेसेज मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. मागोमाग पुढचे प्रश्नही ठरलेलेच असतात. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा सगळे एकत्र केले. उदाहरणं लिनक्स मिंट २२ सिनॅमन आणि उबुंटू २४.०४ या लिनक्सच्या दोन आवृत्त्यांची आहेत, कारण विचारणारे बहुतेक जण याच दोघांपैकी एक टाकतात.

कमांड इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

१. एका आकड्यात सांगा, किती जीबी ठेवू?

५० जीबी. अख्खा लॅपटॉपच लिनक्सला द्यायचा असेल तर हिशेब करत बसू नका. बॅकअप घ्या, इन्स्टॉलरला पूर्ण डिस्क वापरायला सांगा, काम झालं. विंडोजच्या शेजारी टाकायचं असेल तर ५० ही माझ्या लेखी खालची मर्यादा. १०० देता आले तर उत्तम. २५ जीबीत इन्स्टॉल होतं, चालतंही. पण वर्षाच्या आत तुम्ही प्रश्न १६ घेऊन परत येता असा माझा अनुभव आहे.

२. मिंट २० जीबी म्हणतं, उबुंटू २५, डेबियन १०. खरं कोणाचं?

तिघांचंही. एसटीत ४४ जण बसतात हे खरं, आणि गणपतीच्या सुट्टीत त्याच गाडीतून सत्तर जण गावाला जातात हेही खरं. डेबियनच्या मार्गदर्शिकेतले १० जीबी म्हणजे डेस्कटॉपसह प्रणाली उभी राहील एवढी जागा. तुमचे फोटो, तुमची अ‍ॅप्स, पुढच्या दोन वर्षांचे अपडेट त्यात धरलेले नाहीत. उबुंटूचे २५ जरा हात सैल सोडून सांगितलेले आहेत. मिंट सगळ्यात प्रामाणिक: २० जीबी लागतील म्हणतं आणि त्याच ओळीत १०० ची शिफारस करतं. लोक फक्त पहिला आकडा वाचतात.

तुलनेसाठी, विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ६४ जीबी आहे.

३. आयएसओ फाइल तर ३ जीबीचीच आहे. इन्स्टॉल झाल्यावर १०-१२ जीबी कशी होते?

कुरडई तळल्यावर फुलते तशी. आयएसओच्या (इन्स्टॉलसाठी उतरवलेल्या एका मोठ्या फाइलीच्या) आत जवळपास सगळी प्रणाली 'स्क्वॉशएफएस' नावाच्या दाबून बसवलेल्या रूपात असते. इन्स्टॉल करताना ती डिस्कवर मोकळी होते आणि अडीच-तीन पट जागा घेते. वर स्वॅप फाइल (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) तयार होते, ती आयएसओत नसतेच.

यावरून आणखी एक गैरसमज निघतो: आयएसओ मोठी म्हणजे प्रणालीही त्याच मानाने मोठी. तसं नसतं. मिंटची आयएसओ ३ जीबीच्या आतबाहेर आहे, उबुंटू २४.०४ ची जवळपास ६ जीबी, पण इन्स्टॉल झाल्यावर दोघांत दुपटीचा फरक उरत नाही. उबुंटूच्या आयएसओत तुम्ही कदाचित निवडणारही नाही अशा गोष्टी सोबत दिलेल्या असतात. पेनड्राइव्ह मात्र उबुंटूसाठी ८ जीबीचा लागेल.

४. मग ताज्या इन्स्टॉलमध्ये जागा नेमकी खातं कोण?

गेल्या महिन्यात एका आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर मिंट २२ टाकलं. पहिल्यांदा सुरू झाल्या झाल्या, एकही अपडेट न घेता, 'डीएफ -एच' (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) चालवलं. रूटच्या, म्हणजे प्रणालीच्या मुख्य जागेच्या, ओळीत वापर दिसला १२ जीबी. त्यातले २ जीबी स्वॅप फाइलचे. साधारण ८ जीबी 'यूएसआर' या फोल्डरात, म्हणजे खरी प्रणाली तिथेच. त्यात लिबरऑफिस अर्ध्या जीबीच्या आसपास, आणि फर्मवेअर तितकंच. फर्मवेअर म्हणजे जगभरच्या वायफाय चिप आणि ग्राफिक्स कार्डांना लागणाऱ्या फाइली. तुमच्याकडे एकच वायफाय चिप आहे, पण मिंटला ते आधी कुठे माहीत असतं? उरलेलं 'व्हार', 'बूट' आणि किरकोळ.

त्याच संध्याकाळी सगळे अपडेट घेतले. नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) आला, जुना सुरक्षिततेसाठी तसाच राहिला, आणि वापर जीबीभर वाढला. इन्स्टॉलनंतरचा आकडा पाहून 'अरे, एवढंच?' म्हणणाऱ्यांनी हा अपडेटनंतरचा आकडा बघावा.

उबुंटू २४.०४ च्या इन्स्टॉलरमध्ये दोन पर्याय येतात, नेहमीचा आणि विस्तारित. नेहमीच्या पर्यायात आता लिबरऑफिस येतच नाही. ब्राउझर आणि मोजकी साधनं येतात. जागेची चणचण असेल तर तोच निवडा आणि लागेल ते नंतर घ्या.

५. सर, २५६ जीबीचा एसएसडी घेतला, विंडोजमध्ये २३८ च दिसतात. दुकानदाराने फसवलं का?

नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, पण नाव मात्र जीबीच लिहितं. म्हणून २५६ चे २३८ होतात आणि ५१२ चे ४७६-४७७. डिस्क तेवढीच असते.

लिनक्समध्ये दोन्ही मोजमापं भेटतात. उबुंटूचा फाइल मॅनेजर कंपनीच्या पद्धतीने मोजतो, 'डीएफ -एच' १०२४ च्या पटीत. त्यामुळे एकच पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) दोन ठिकाणी वेगवेगळं दिसलं तर घाबरू नका. 'डीएफ' ला लहान एचऐवजी मोठा एच दिला की तेही कंपनीच्या भाषेत बोलतं.

पण दोनशे रुपयांत मिळालेला १ टीबीचा पेनड्राइव्ह ही वेगळी गोष्ट. तिथे फसवलंच आहे.

६. माझ्या छोट्या लॅपटॉपमध्ये ३२ जीबीचीच ईएमएमसी (आतच बसवलेली साठवण चिप) आहे. होईल का?

होईल, आणि बहुधा विंडोजपेक्षा सुखाने चालेल. या मशीनवर विंडोजचा मोठा अपडेट उतरवायलाच जागा पुरत नसे. अटी तीन. विंडोज शेजारी ठेवण्याचा हट्ट सोडायचा, कारण हाताशी खरे २९ जीबीच येतात. मिंटची एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आवृत्ती, लुबुंटू किंवा डेबियन अधिक एक्सएफसीई असं हलकं काहीतरी घ्यायचं. डेबियनची अशी मांडणी ५-६ जीबीत बसते. आणि टाइमशिफ्ट त्याच डिस्कवर चालू करायचं नाही (प्रश्न १५). फोटो-व्हिडिओसाठी एसडी कार्ड लावा. फ्लॅटपॅकपासून शक्यतो लांब राहा. कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

७. विंडोज ठेवून बाजूला लिनक्स टाकायचंय. जागा कुठून आणि कशी काढू?

विंडोजमधूनच काढा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. ५० जीबी हवे असतील तर ५१२०० एमबी लिहा. जी काळी पट्टी तयार होईल ती तशीच रिकामी ठेवा. तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका, फॉरमॅट करू नका. लिनक्सचं इन्स्टॉलर ती रिकामी जागा ओळखतं.

त्याआधी दोन कामं. पहिलं, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा; नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर ते बरेचदा तुमच्या नकळत चालूच असतं. ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, मग एन्क्रिप्शन बंद करा. ती रिकव्हरी की जवळ नसताना बूटच्या सेटिंगला हात लावला आणि विंडोजने ती मागितली, तर आतल्या डेटावर पाणी सोडावं लागतं. दुसरं, 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. नाहीतर विंडोज बंद होताना अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

विंडोजला चिमटीत पकडू नका. त्याच्याकडेही २०-२५ जीबी मोकळे राहू द्या, त्यालाही अपडेट घ्यायचे असतात.

८. डिस्क अर्धी रिकामी आहे, तरी श्रिंक फक्त ६ जीबी देतंय. असं का?

ड्राइव्हच्या शेवटाकडे कुठेतरी न हलणारी फाइल बसली आहे, म्हणून. विंडोज तिच्यापर्यंतच मागे सरकतं. बहुतेक वेळा दोषी तिघांपैकी एक: हायबरनेशनची फाइल, पेजफाइल (विंडोजची स्वॅप फाइल) किंवा सिस्टिम रिस्टोअरचे साठे. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' चालवा. हायबरनेशनची फाइल जाते आणि रॅमच्या साधारण ४० टक्के जागा त्या निमित्ताने मोकळी होते. सिस्टिम प्रोटेक्शन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करा, रिस्टार्ट करा, श्रिंक पुन्हा करून बघा. जागा मिळाली की दोन्ही परत चालू करा.

९. रूट आणि होम वेगळं करावं का? करायचं तर कशाला किती?

रूट म्हणजे प्रणालीची जागा, होम म्हणजे तुमच्या फाइलींची. माझं मत: घरच्या लॅपटॉपवर करू नका. एकच पार्टिशन ठेवा.

हे मी चूक करून शिकलो. २०१९ मध्ये मावसभावाच्या लॅपटॉपवर १२० जीबीचा एसएसडी लावला आणि कुठेतरी वाचलेला सल्ला मानून रूटला १५ जीबी, बाकी सगळं होमला दिलं. तेव्हा उबुंटू १८.०४ होतं, १५ मध्ये छान बसलं. दोन वर्षांनी २०.०४ वर जायला बसलो तर अपग्रेडने सांगितलं, जागा अपुरी. रूटवर शिल्लक ४०० एमबी. होमवर ६० जीबी नुसते पडून. एकाच डिस्कवर एका खोलीत दाटी आणि दुसऱ्या खोलीत आवाज घुमतोय, अशी गत.

घोळ असा होतो की लोकांना वाटतं, जागा खाणारं सगळं होममध्ये जातं. आपल्या फाइली तिथे जातात, पण अ‍ॅप्सचा पसारा रूटमध्येच वाढतो. स्नॅप आणि सगळ्यांसाठी टाकलेले फ्लॅटपॅक (दोन्ही अ‍ॅप टाकण्याचे प्रकार, प्रश्न १३-१४), डॉकरच्या इमेज, व्हर्ट मॅनेजरच्या व्हर्च्युअल डिस्क, लॉग, डाउनलोड केलेली पॅकेजं, हे सगळं 'व्हार' फोल्डरात, म्हणजे रूट पार्टिशनवर. एनव्हिडियाचा ड्रायव्हर 'यूएसआर' मध्ये, तोही रूटवरच. पेजफाइलसारखी स्वॅप फाइलही तिथेच.

तरीही वेगळं करायचंच असेल, उदाहरणार्थ दर काही महिन्यांनी नवी डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) टाकून बघायची हौस असेल, तर रूटला ५० जीबी द्या. इंजिनिअरिंगचं काम असेल तर ८०. अँड्रॉइड स्टुडिओचं एसडीके आणि एम्युलेटर सहसा होममध्ये बसतात आणि तिथे २०-३० जीबी सहज खातात, पण डॉकर रूट फुगवतो. स्टीमचे गेम होममध्ये जातात. एकूण १०० जीबीपेक्षा कमी असेल तर विभागणीचा विचार सोडून द्या.

१०. बूट आणि ईएफआय पार्टिशनला किती द्यायचं?

ईएफआय (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फाइलींचं छोटं पार्टिशन): विंडोज असेल तर ते आधीच असतं, बहुतेक वेळा १०० एमबीचं. मिंट आणि उबुंटूला तेवढं पुरतं, कारण ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) तिथे मोजके एमबीच ठेवतो. इन्स्टॉलरमध्ये ते फक्त निवडायचं. फॉरमॅटच्या चौकोनात टिक करू नका, विंडोजचा बूटलोडर जाईल. रिकाम्या डिस्कवर नवं बनवत असाल तर ५१२ एमबी किंवा १ जीबी. पॉप ओएससारखी डिस्ट्रो कर्नल ईएफआयवरच ठेवते. तिथे १०० एमबीत भागत नाही.

बूट: साध्या इन्स्टॉलला वेगळं बूट पार्टिशन लागतच नाही. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली तर लागतं, आणि तेव्हा २ जीबी द्या. एका कर्नलच्या फाइली मिळून १०० एमबीच्या आसपास जातात, एनव्हिडिया असेल तर जास्त. अपडेटच्या वेळी जुना, नवा आणि अर्धवट तयार होणारा असे तिघे एकत्र नांदतात. पूर्वीच्या ५०० एमबीच्या बूट पार्टिशनवर नेमक्या याच क्षणी अपडेट अडकायचे.

एन्क्रिप्शनमुळे जागा वाया जाते का, असंही विचारतात. लिनक्स वापरतं त्या एलयूकेएस-२ एन्क्रिप्शनचं शीर्षक १६ एमबी घेतं. बस्स.

११. स्वॅप रॅमच्या दुप्पट हवं म्हणतात. १६ जीबी रॅम आहे, ३२ जीबी सोडू का?

नको. तो नियम रॅम मेगाबाइटमध्ये मोजायचे तेव्हाचा. उबुंटूने २०१७ मध्ये १७.०४ पासून वेगळं स्वॅप पार्टिशन सोडून स्वॅप फाइल आणली. इन्स्टॉलर स्वतःच काही जीबींची फाइल बनवतं. ती तशीच राहू द्या. पुढे वाटलं तर फाइल मोठी करता येते, त्यासाठी पार्टिशनला हात लावावा लागत नाही.

अपवाद एक, हायबरनेट. रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून लॅपटॉप पूर्ण बंद करायचा असेल तर स्वॅप किमान रॅमएवढं हवं. १६ जीबी रॅमला १६-१७. उबुंटू आणि मिंटमध्ये ही सोय मुळात बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. झाकण मिटल्यावर होतो तो सस्पेंड, त्याला स्वॅप लागत नाही.

१२. मराठी भाषा, फॉन्ट आणि टायपिंग टाकलं तर किती जाते?

काही एमबी. नोटो आणि लोहित हे देवनागरी फॉन्ट, आयबसवरचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, मराठी भाषेची पॅकेजं, सगळं मिळून एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओएवढं. यात काटकसर करू नका.

१३. फ्लॅटपॅकवरून एक छोटंसं अ‍ॅप घेतलं, त्याने जीबीभर डाउनलोड मागितलं. काय भानगड?

फ्लॅटपॅक अ‍ॅप तुमच्या प्रणालीतल्या लायब्ररींवर विसंबत नाही; स्वतःचं 'रनटाइम' सोबत आणतं. पहिल्या अ‍ॅपला तो सगळा खर्च पडतो. दुसरं अ‍ॅप त्याच रनटाइमवर चालणारं असेल तर थोडक्यात भागतं. पण एक अ‍ॅप नोम या डेस्कटॉपच्या जुन्या रनटाइमवर, दुसरं नव्यावर, तिसरं केडीई या वेगळ्या डेस्कटॉपच्या रनटाइमवर असेल तर तीन संसार मांडले जातात. अ‍ॅप काढलं तरी रनटाइम मागे राहू शकतं. 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड' चालवलं की बेवारस रनटाइम जातात.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकाच अ‍ॅपच्या दोन आवृत्त्या दिसतात, 'सिस्टिम पॅकेज' आणि 'फ्लॅटपॅक'. जागा कमी असेल तर पहिली घ्या.

१४. जुन्या उबुंटूवर 'डीएफ' चालवलं तर 'लूप' नावाच्या दहा-बारा ओळी १०० टक्के भरलेल्या दिसतात. डिस्क संपली का?

नाही. ते उबुंटूचे स्नॅप आहेत. प्रत्येक स्नॅप ही एक बंद, फक्त वाचता येणारी फाइल असते आणि ती छोट्या डिस्कसारखी जोडली जाते. तिच्यात नवं काही लिहिताच येत नाही, म्हणून ती कायम १०० टक्केच दिसणार. लोणच्याची बरणी काठोकाठ भरलेली आहे म्हणजे घरात जागा नाही, असं नव्हे. तुमची खरी ओळ ती, जिच्या शेवटी फक्त एक तिरकी रेघ असते.

स्नॅपचा खरा खर्च वेगळाच आहे: अपडेटनंतर आधीची आवृत्तीही ठेवली जाते. ब्राउझरसारखी मोठी स्नॅप असतील तर हा दुहेरी साठा जीबीत जातो. 'स्नॅप लिस्ट --ऑल' मध्ये ज्यांच्यापुढे 'डिसेबल्ड' लिहिलंय त्या जुन्या. त्या काढता येतात.

१५. मिंटने सांगितलं म्हणून टाइमशिफ्ट चालू केलं. महिन्याभरात डिस्क भरली!

टाइमशिफ्ट प्रणालीचे स्नॅपशॉट घेतं. पहिला स्नॅपशॉट म्हणजे जवळपास अख्ख्या प्रणालीची प्रत, १० जीबीच्या पुढेच. नंतरचे फक्त बदललेल्या फाइलींचे, पण ताज्या इन्स्टॉलवर बदल भरपूर होतात. रोजचे पाच, आठवड्याचे तीन, महिन्याचे दोन अशी यादी ठेवली आणि सगळे त्याच रूटवर, तर २५ जीबीचं पार्टिशन भरायला वेळ लागत नाही. त्यात कुणी होम फोल्डरही सामील केलं असेल तर मग बघायलाच नको.

माझी पद्धत: आठवड्याचा एक, दोनच ठेवायचे, होम वगळायचं. बाहेरची डिस्क असेल तर स्नॅपशॉट तिच्यावर, ती मात्र ईएक्सटी-४ सारख्या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये (फाइली मांडण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट केलेली हवी. जुने स्नॅपशॉट टाइमशिफ्टच्या खिडकीतूनच काढा, फाइल मॅनेजरमधून नाही. आणि हे लक्षात घ्या की टाइमशिफ्ट म्हणजे तुमच्या फोटोंचा बॅकअप नाही.

१६. वर्षभरात रूट ९५ टक्के भरलं. आधी काय साफ करू?

आधी काहीच साफ करू नका, आधी बघा. 'डिस्क युसेज अ‍ॅनालायझर' उघडा (मिंट आणि उबुंटूत सहसा आलेलाच असतो), रूट स्कॅन करा, मोठं वर्तुळ कुणाचं ते दिसेल. मिंटवर नव्वद टक्के वेळा टाइमशिफ्ट निघतं, मग थेट प्रश्न १५ कडे जा.

तसं नसेल तर 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' ने जुने कर्नल जातात, 'सुडो एपीटी क्लीन' ने उतरवलेल्या पॅकेजांचा साठा. 'एपीटी-गेट' वापरायची सवय असेल तर हा साठा मोठा निघतो, कारण ते इन्स्टॉलनंतर फाइली ठेवून देतं. मग लॉग: सिस्टिमडीचा जर्नल पार्टिशनच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत वाढू शकतो. 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम' (आकडे अर्थातच इंग्रजीत) म्हटलं की आवरतो. स्नॅप आणि फ्लॅटपॅकचं वर सांगितलंच आहे. आणि कचरापेटी रिकामी करा. हसू नका, दर चौथ्या माणसाची तीच भरलेली असते.

'बूट' फोल्डरातल्या फाइली हाताने उडवू नका. आणि यूट्यूबवर बघून क्लीनर सॉफ्टवेअर अ‍ॅडमिन म्हणून चालवू नका. अशा क्लीनरने साफ केलेले दोन लॅपटॉप माझ्याकडे आले होते. दोन्ही इतके स्वच्छ होते की सुरूच होत नव्हते.

१७. डिस्क पूर्ण भरली आणि आता लॉगिन होत नाही. पासवर्ड बरोबर आहे, पण पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो.

डेस्कटॉपला सुरू होताना होममध्ये बारीकसारीक फाइली लिहाव्या लागतात. जागा नाही, लिहिता येत नाही, म्हणून तो तुम्हाला परत दारात आणून सोडतो. पुन्हा इन्स्टॉल करू नका.

लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा पडदा येईल. तिथे नाव आणि पासवर्ड टाका (पासवर्ड टाइप होताना दिसत नाही, होत असतो). 'सुडो एपीटी क्लीन' चालवा, डाउनलोड फोल्डरातली एखादी मोठी आयएसओ 'आरएम' ने उडवा, आणि 'सुडो रिबूट'.

भरलेल्या डिस्कवरही हे चालतं, कारण ईएक्सटी-४ मुळातच ५ टक्के जागा रूट नावाच्या प्रशासकासाठी (हे रूट पार्टिशन नव्हे) राखून ठेवतं. ५० जीबीत अडीच जीबी. सामान्य वापरकर्त्याला डिस्क संपलेली दिसते तेव्हाही रूटच्या हातात थोडी शिल्लक असते. फक्त फाइली ठेवायच्या मोठ्या डेटा पार्टिशनवर ही राखीव जागा १ टक्क्यावर आणायला हरकत नाही ('ट्यून२एफएस -एम १'). रूट पार्टिशनवर मात्र आणू नका; आत्ता वाचलात ते तिच्यामुळेच.

१८. जागा शिल्लक दिसते, तरी 'नो स्पेस लेफ्ट' येतं. किंवा उलट: फाइली उडवल्या, तरी जागा वाढत नाही.

पहिलं असेल तर 'डीएफ -आय' चालवून बघा. ईएक्सटी-४ मध्ये फाइलींची कमाल संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारण दर १६ केबीला एक. लाखो बारक्या फाइली साठल्या, जसं वेब प्रोग्रामिंगच्या 'नोड मॉड्यूल्स' फोल्डरांत होतं, तर जागा असूनही नोंदवही संपते. ते नसेल तर संपलेलं पार्टिशन रूट नसून बूट असेल (प्रश्न १०).

दुसऱ्या तक्रारीची कारणं तीन. एक, फाइल कचरापेटीत आहे. बाहेरच्या डिस्कवरची उडवली असेल तर त्याच डिस्कवरच्या लपलेल्या कचरापेटीत. दोन, उडवलेली फाइल एखाद्या चालू प्रोग्रामने अजून उघडी धरली आहे. रिस्टार्ट केलं की सुटते. तीन, फाइल जुन्या स्नॅपशॉटमध्ये अडकली आहे, विशेषतः बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर.

१९. फेडोरा टाकलं तर हिशेब बदलतो का?

विभागणीचा बदलतो. फेडोराच्या डेस्कटॉपवर ३३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, बीटीआरएफएस ही मूळ फाइल सिस्टिम आहे. रूट आणि होम तिथे नावाला वेगळे, पण जागा सामाईक. मावसभावाच्या लॅपटॉपचं दुखणं तिथे झालंच नसतं. ३४ पासून फाइली आपोआप झेडएसटीडी या पद्धतीने दाबल्या जातात, त्यामुळे प्रणाली कमी जागेत बसते. फोटो आणि व्हिडिओंना त्याचा फायदा नाही, ते आधीच दाबलेले असतात. स्वॅप डिस्कवर नसतोच, रॅममध्येच डेटा दाबून ठेवणारा झेडरॅम वापरला जातो.

एकूण आकडा तरी तोच ठेवा, ५० पासून पुढे.

२०. आधी कमी जागा दिली. आता वाढवता येईल का?

रिकामी जागा लिनक्स पार्टिशनच्या उजवीकडे लागून असेल तर काही मिनिटांचं काम. ईएक्सटी-४ चालू असतानाही वाढतं, पण मी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून) जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनानेच करतो.

पण तुम्ही विंडोजचा सी ड्राइव्ह छाटून जागा काढलीत तर ती डावीकडे येते. तेव्हा अख्खं पार्टिशन मागे सरकवावं लागतं, एकेक बाइट उचलून. एसएसडीवर अर्धा-पाऊण तास, जुन्या हार्ड डिस्कवर चार-पाच तासही. मधे वीज गेली तर डेटा गेला. बॅटरी दमलेली असेल आणि तुमच्याकडे दुपारी दिवे जात असतील तर इन्व्हर्टरशिवाय सुरुवात करू नका. म्हणूनच पहिल्या दिवशी ५० सांगतो.

२१. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आधी करून बघतो. डिस्क किती देऊ?

३० जीबी, 'डायनॅमिक' प्रकारची. लगेच ३० जात नाहीत. लिनक्सने जेवढं लिहिलं तेवढीच फाइल वाढते. मात्र आतून फाइली उडवल्या तरी बाहेरची फाइल आपोआप आकसत नाही.

२२. १२८ जीबीचा एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क दोन्ही आहेत. काय कुठे ठेवू? होम विंडोजच्या डी ड्राइव्हवर चालेल का?

प्रणाली आणि होम दोन्ही एसएसडीवर. हार्ड डिस्कवर फोटो, सिनेमे, आयएसओ, बॅकअप. एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) ड्राइव्हवर होम ठेवू नका. लिनक्स तो वाचतं आणि लिहितं, पण लिनक्सच्या परवानग्या तिथे नीट बसत नाहीत आणि अर्धी अ‍ॅप्स रुसतात. डी वरचे फोटो आणि गाणी तिथेच राहू द्या, होममधून शॉर्टकट द्या.

इथे एक छुपा सापळा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. हार्ड डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून 'एफएसटॅब' मध्ये नोंद केली होती, 'नोफेल' लिहून, म्हणजे डिस्क नसली तरी लॅपटॉप सुरू व्हावा. एकदा केबल सैल झाली. लॅपटॉप सुरू झाला आणि रात्रीचा बॅकअपही नेहमीसारखा चालला. पण डिस्क जोडलेलीच नसल्याने ४० जीबी त्या नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे एसएसडीच्या रूटवर लिहिले गेले. सकाळी केबल घट्ट केली, डिस्क त्या फोल्डरावर येऊन बसली आणि खालचे ४० जीबी झाकले गेले. 'डीएफ' म्हणतं रूट भरलंय, डिस्क युसेज अ‍ॅनालायझर म्हणतं इथे तर काहीच नाही. असं कोडं पडलं तर डिस्क आधी 'यूमाउंट' करा आणि मग त्या फोल्डरात डोकावून बघा.